पहिल्या रांगेतल्या जांभईची नोंद

कुठल्याही देशाची अभिरुची शेवटी एका खुर्चीत मावते. बाकीच्या खुर्च्या ती अभिरुची घरोघर पोचवायला असतात. या गोष्टीतल्या शहरात ती खुर्ची मुख्य नाट्यगृहाच्या पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध, गेली दोनशे चौतीस वर्षं जमिनीला बोल्टने आवळलेली होती. तिच्यावर वरच्या घराचा त्या त्या पिढीचा कर्ता पुरुष बसत आला होता. (वरचं घर म्हणजे टेकडीवरचं. टेकडीखालची निम्मी जमीन, बंदराचे सगळे धक्के आणि दोन्ही वर्तमानपत्रं त्याच घराची. तरी त्यांना कुणी श्रीमंत म्हटलेलं खपत नसे. सरकारी कागदात त्यांचा उल्लेख 'रसिक' असाच करावा, असं परिपत्रक होतं.)

या खुर्चीपुढे चार हातांवर एक स्टूल होतं आणि स्टुलावर, रंगमंचाकडे पाठ करून, निरीक्षक बसत. पूर्ण हुद्दा 'मुद्रा-निरीक्षक, श्रेणी एक'. काम दिसायला सोपं, पण जोखमीचं. नाटक चालू असताना नाटकाकडे अजिबात न बघता वरच्या घरातल्या थोरल्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि तिथे जे दिसेल ते नमुना क्रमांक सातमध्ये भरायचं. नमुन्यात भुवया, नाकपुड्या, ओठ, हनुवटी आणि हात असे रकाने होते. जांभईला चार पोटरकाने: दाबलेली, अर्धी, पूर्ण आणि आवाजासह. लिहायला दिसावं म्हणून स्टुलाला एक छोटा दिवा जोडलेला होता. शेजारी चार बटणं होती. पिवळं दाबलं की तिसऱ्या रांगेत बसलेल्या टाळीप्रमुखापुढे पिवळा दिवा लागे, टाळीप्रमुख हसे, आणि मग आठशे चाळीस माणसं हसत. निळ्याला रडत, हिरव्याला टाळ्या वाजवत. तीन पूर्ण जांभया भरल्या की लाल दाबायचं, म्हणजे पडदा पडे, आणि खाली पाटी येई: 'कलात्मक कारणास्तव'.

पूर्वी म्हणे लोक आपापलं हसत. त्यामुळे एकाच वाक्याला कुणी आधी हसे, कुणी नंतर, कुणी हसतच नसे, आणि बाहेर पडल्यावर नुसते वाद होत. नव्या पद्धतीत ही सगळी कटकट मिटली होती.

निरीक्षकांची नोकरी एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यांनी बाराशेच्या वर नाटकं केली आणि पाहिलं एकही नाही. याचा त्यांना अभिमान होता. निरीक्षकाला नाटकात गोडी वाटायला लागली की त्याच्या नोंदी बिघडतात, असं ते नव्या उमेदवारांना सांगत. सकाळच्या पाळीत ते हेच काम कायदेमंडळात करत, कारण तिथेही पहिल्या सज्ज्यात थोरल्यांची खुर्ची होती. विधेयकं मोठ्याने वाचली जात, निरीक्षक थोरल्यांकडे बघत, आणि सभापती निरीक्षकांच्या दिव्यांकडे.

या पद्धतीने देशाचं काय भलं झालं ते नोंदींच्या चारशे बारा खंडांत वाचायला मिळतं. घराण्यातल्या तिसऱ्या कर्त्याला पाऊण तासापेक्षा जास्त बसवत नसे. त्यामुळे पाच अंकी नाटकं तीन अंकी झाली, मध्ये दोन मध्यंतरं आली, आणि त्रिअंकी रचनेमागच्या तत्त्वज्ञानावर आजवर सदतीस प्रबंध लिहिले गेले. (सगळे प्रबंध पाऊण तासात वाचून होतात.) चौथे अकरा वर्षं सतत कपाळाला आठ्या घालून बसले. त्या काळाला साहित्यात 'गांभीर्यपर्व' म्हणतात. पुढे कळलं की चौथ्यांची दाढ दुखत होती. तेव्हा लोकांनी आदराने जबड्याला रुमाल बांधायला सुरुवात केली, आणि चौकातल्या त्यांच्या पुतळ्यालाही तो रुमाल आहेच. पाचवे मात्र राजकारणात अधिक चमकले. कायदेमंडळात जमीनवाटपाचं विधेयक वाचलं जात असताना त्यांनी तीन उचक्या दिल्या. पहिलीला विधेयक परत गेलं, दुसरीला समितीकडे गेलं, तिसरीला ते मांडणारा पक्षच विसर्जित झाला. चौथी लागली असती तर राज्यघटना बदलावी लागली असती. ज्यांना तेव्हा जमीन मिळायची राहिली, त्यांची नातवंडं-पतवंडं आज नाट्यगृहात खुर्च्या पुसतात आणि उचकी लागली तर पाणी पीत नाहीत, तशीच पूर्ण करतात.

निरीक्षकांना घरी एक बायको आणि एक मुलगी होती. मुलगी नाटकं लिहायची. यात निरीक्षकांचा काही दोष नव्हता, त्यांनी तिला शिवणकामापासून मोजणीखात्यापर्यंत सगळं सुचवून पाहिलं होतं. तिची दोन नाटकं लागली. पहिल्याचा पडदा चौदाव्या मिनिटाला पडला, दुसऱ्याचा एकोणिसाव्या. दोन्ही वेळा लाल बटण निरीक्षकांनीच दाबलं आणि दोन्ही वेळा त्यांचा हात कापला नाही. खात्याने याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र दिलं. ते त्यांनी बैठकीच्या खोलीत लावलं, मुलीने काढलं, त्यांनी परत लावलं. मग मुलीने त्या खोलीत बसणंच सोडलं. ती वडिलांशी बोलायची, पण भात वाढू का, एवढंच.

आता तिसरं नाटक लागायचं होतं. नियम असा की तिसरा पडदा वेळेआधी पडला तर लेखकाला 'आजीवन विश्रांती' मिळते. म्हणजे त्याने पुढे कधीही लिहायचं नाही, आणि लिहिलंच तर कुणाला दाखवायचं नाही. मुलीने बापाकडे काही मागितलं नाही. निरीक्षकांनीही काही देऊ केलं नाही. फक्त हल्ली त्यांना भूक लागेनाशी झाली होती.

नाटकाला आठ दिवस राहिले असताना वार्षिक मुद्रातपासणी आली. वर्षातून एकदा निरीक्षक टेकडीवर जात, थोरले एकेक चेहरा करून दाखवत, आणि तो नमुन्यातल्या चित्रांशी जुळतो का ते बघितलं जाई. सध्याचे थोरले घराण्यातले सातवे, वय एक्याऐंशी, माणूस गोड. व्हरांड्यात दोघं समोरासमोर बसले. भुवया झाल्या, नाकपुड्या झाल्या. जांभईची पाळी आली तेव्हा थोरले थांबले.

"आधी तुम्ही द्या," ते म्हणाले.

"मी?"

"मग काय. तुमच्याशिवाय मला कशी येणार?"

निरीक्षकांना वाटलं, वयाचा परिणाम असेल. त्यांनी आवाजात शक्य तेवढा आदर आणून विचारलं, म्हणजे नक्की काय.

"अहो, तुमचं बघूनच तर देतो मी," थोरले म्हणाले. "वडिलांनी मला खुर्चीवर बसवलं तेव्हा सांगितलं होतं. म्हणाले, बाळ, आपल्या घरात नाटकातलं कुणाला काही कळत नाही, आणि डोळेही सगळ्यांचे अधू. रंगमंचावर रंग हलतात एवढंच दिसतं. पण घाबरू नकोस, सरकारने समोर एक जाणकार बसवलेला असतो. त्याच्या तोंडावर दिवाही असतो. तो करेल ते कर."

निरीक्षकांनी पेन्सिल खाली ठेवली.

"गेल्या दोन्ही मोसमांत तुम्ही फार जांभया दिल्यात हो," थोरले काळजीने म्हणाले. "इतकं वाईट होतं का त्या पोरीचं लिखाण?"

निरीक्षकांना आपली गोळी आठवली. झाडांना फुलोरा आला की त्यांना शिंकांचा त्रास होई, आणि नवी नाटकं नेमकी त्याच मोसमात लागत. डॉक्टरने दिलेल्या गोळीने शिंका थांबत, पण झोप येई. गेली नऊ वर्षं ते ती गोळी घेत होते. आणि बरोबर गेल्या नऊ वर्षांत देशात वीस मिनिटांच्या आतल्या नाटकांची चळवळ उभी राहिली होती, तिचे दोन जाहीरनामे होते, आणि एका समीक्षकाने तिला 'आधुनिक माणसाची आटलेली उमेद' म्हटलं होतं.

"आणि चौथ्यांची दाढ?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"आमच्या पणजोबांची ना? शेवटपर्यंत ऊस सोलावा अशी. दाढ समोरच्याची दुखत होती."

"पाचव्यांची उचकी?"

"आजोबांना उचकी देता येत नव्हती. पहिली तर खोकल्यासारखीच आली म्हणे. पण समोरच्याने दिली, म्हणून बिचाऱ्यांनी तीनही दिल्या."

मग निरीक्षकांना आठवलं की भाडेकपातीचं विधेयक वाचलं जात होतं तेव्हा त्यांची मान आखडलेली होती आणि ते सारखी मान हलवत होते. कुणीही बघितलं असतं तर होकारच वाटला असता. त्यांनी ते विचारलं.

"त्या दिवशी का?" थोरले म्हणाले. "त्या दिवशी मी चष्मा घरी विसरलो होतो. मला काहीच दिसलं नाही." दोनशे चौतीस वर्षांत चष्मा असा नऊ वेळा घरी राहिल्याची नोंद आहे, नऊही वेळा कामकाज जमिनीचं किंवा भाड्याचं होतं. घराण्यात विसराळूपणा पूर्वीपासूनच आहे.

निरीक्षक टेकडी उतरू लागले. देश आपल्या तोंडाकडे बघून चालला होता, ही गोष्ट त्यांना एवढी झोंबली नाही. पोरीची दोन नाटकं आपण पाडली, आणि वर त्याचं प्रशस्तिपत्र भिंतीला लावलं, हे मात्र त्यांना गिळता येईना. घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी आवरत होती, ती थांबली.

"म्हणजे एकतीस वर्षं सगळं सरकार तुमचा चेहरा वाचत होतं," ती म्हणाली, "आणि मी भाजी कशी झालीय विचारलं की तुम्ही 'ठीक' म्हणता. मला कधी काही वाचता आलं नाही त्यात."

"आता काय करू ते सांग."

"काय करायचंय त्यात? गोळी घेऊ नका आणि हसत बसा. पोरीला आत्ता काही सांगू नका, ती आधीच धसका घेऊन बसलीय."

हसत बसा म्हणणं सोपं होतं. निरीक्षकांनी एकतीस वर्षं चेहरा कोरा ठेवायचा सराव केला होता. आरशासमोर त्यांनी हसायचा प्रयत्न केला तेव्हा बायकोने पोटात दुखतंय का म्हणून विचारलं. सात दिवस सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास त्यांनी मेहनत घेतली. सहाव्या दिवशी शेजारणीने त्यांना बघून दार लावून घेतलं, तेव्हा दोघांना जरा धीर आला.

नाटकाच्या संध्याकाळी नाट्यगृह भरलेलं होतं. नाटक विनोदी होतं. तीन जावा मिळून एक जुनं कपाट दारातून बाहेर काढायला बघतात आणि ते काही केल्या निघत नाही, एवढीच गोष्ट; निरीक्षकांना ती बायकोकडून कळलेली होती. मुलगी विंगेत उभी होती. पडदा वर गेला. निरीक्षकांनी दिवा लावला, थोरल्यांकडे बघितलं आणि ते हसले.

थोरले हसले. पिवळं बटण. टाळीप्रमुख हसला, आठशे चाळीस माणसं हसली. निरीक्षकांना इतकं बरं वाटलं की त्यांना आणखी हसू आलं, थोरल्यांनाही आलं, पुन्हा पिवळं. दहा मिनिटांत अकरा हशे झाले. टाळीप्रमुखाचं पोट दुखायला लागलं (तो पूर्वी गांभीर्य विभागात होता). चौदावं मिनिट गेलं. एकोणिसावं गेलं. विंगेतून कुणीतरी मोठा श्वास सोडल्याचं निरीक्षकांना ऐकू आलं आणि त्यांची छाती भरून आली.

तेवढ्यात त्यांच्या नाकात हुळहुळलं.

नवीन मोसमाचा पहिला खेळ म्हणून व्यवस्थापकांनी पहिल्या रांगेपुढे फुलांच्या कुंड्या मांडल्या होत्या. गोळी घेतलेली नव्हती. आता शिंक आली तर थोरले शिंकणार हे उघड होतं, आणि थोरल्यांची शिंक नमुना सातमध्ये 'संदिग्ध' या सदरात मोडते. संदिग्ध मुद्रा उमटली की प्रयोग आहे त्या जागी थांबवून सात जणांची समिती नेमावी लागते. मागे एकदा अशी समिती नेमली होती. ते नाटक अजून थांबलेलं आहे, आणि त्यातले दोन नट मंचावरच निवृत्त झाले.

निरीक्षकांनी शिंक दाबली. ती गेली नाही, डोळ्यांत आली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, हनुवटी थरथरायला लागली, खालचा ओठ आत ओढला गेला. त्यांनी हसू धरून ठेवायचा जिवाचा आटापिटा केला. त्यामुळे चेहऱ्यावर असं काही उमटलं की थोरल्यांनी क्षणभर निरखून बघितलं, खिशातून रुमाल काढला आणि ते हमसून हमसून रडू लागले.

नोंद खोटी करायची निरीक्षकांना सवय नव्हती, आणि अख्खी पहिली रांग बघत होती. त्यांनी निळं बटण दाबलं.

मागे मंचावर कपाटाचा पाय सुटून थोरल्या जावेच्या हातात येतो, हा मुलीने चार महिने घासूनपुसून लिहिलेला प्रसंग होता. त्याला आठशे चाळीस माणसं ओक्साबोक्शी रडली. थोरल्या जावेचं काम करणारी नटी जुनी होती. हुंदके ऐकताच तिने वाक्यं सावकाश घेतली आणि कपाटाचा पाय छातीशी धरला. शिंक काही जाईना, निरीक्षकांचे डोळे काही थांबेनात. नाटक पूर्ण दोन तास दहा मिनिटं चाललं. शेवटी निरीक्षकांनी हिरवं बटण दाबलं, धावत बाहेर गेले आणि पायऱ्यांवर लागोपाठ एकोणीस वेळा शिंकले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही वर्तमानपत्रांनी एकाच शब्दांत लिहिलं की शतकातली सर्वात मोठी शोकान्तिका झाली. कपाट म्हणजे मृत्यू आहे की इतिहास, यावर दोन तट पडले. कायदेमंडळात दुखवटा पाळला गेला. टेकडीवरच्या लोकांनी घरातली कपाटं दारात अडकवून ठेवायला सुरुवात केली, मग टेकडीखालच्यांनीही केली, आणि महिनाभर शहरातली निम्मी माणसं खिडकीतून ये-जा करत होती. मुलीला राष्ट्रीय शोकलेखिका हा किताब मिळाला आणि पुढच्या पाच शोकान्तिकांचा करार तिच्या हातात ठेवण्यात आला.

निरीक्षकांनी आपलं कर्तव्य म्हणून खात्याला अहवाल दिला, की बघितला जाणारा माणूस बघणाऱ्याकडे बघून चेहरा करतो, सबब सगळ्या खंडांचा फेरविचार व्हावा. खात्याने तत्परतेने उत्तर पाठवलं. अहवालाची नोंद घेतली आहे. यापुढे निरीक्षकांच्या चेहऱ्यावर देखरेख ठेवायला एक वरिष्ठ निरीक्षक नेमला जाईल, आणि ती नेमणूक वरचं घर करील.

किताब घेऊन मुलगी घरी आली ती बैठकीच्या खोलीतच येऊन बसली. बऱ्याच दिवसांनी.

"बाबा, त्यात रडण्याची एकही जागा नव्हती."

"मला माहीत नाही गं. माझी पाठ होती."

"थोरल्यांना झालं काय होतं?"

मग निरीक्षकांनी तिला सगळं सांगितलं. शिंक सांगितली, गोळी सांगितली. ती ऐकत राहिली.

"म्हणजे पहिल्या नाटकाला जांभया कोण देत होतं?"

"मी."

"आणि दुसऱ्याला?"

"मीच."

निरीक्षकांना वाटलं, ही आता उठून जाईल आणि परत या खोलीत येणार नाही. त्यांना आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती चेहऱ्यावर दिसली असणार, कारण मुलगी त्यांच्याकडे बघत होती आणि बसून होती.

"पण तुम्हाला कसं वाटलं, ते सांगा ना," ती म्हणाली.

"ऐकूच आलं नाही मला. सगळं लक्ष नाकाकडे होतं."

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिने ते नाटक वडिलांना वाचून दाखवलं. निरीक्षक तिच्याकडे तोंड करून बसले होते. असं बसायची सवय नसल्याने त्यांना हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. तिसऱ्या पानावर त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो आपल्याच पोटातून आला हे ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. कपाटाचा पाय सुटला तेव्हा ते टेबलावर डोकं ठेवून हसत होते, बायको ओट्याला धरून हसत होती, आणि मुलीला पुढचं वाचता येत नव्हतं. मग बायको डोळे पुसत उठली आणि तिने खिडक्या लावून घेतल्या, कारण प्रमाणित शोकान्तिकेला हसणं हा गुन्हा आहे. दुपारी त्यांनी आग्रह करून दुसरं नाटकही वाचायला लावलं, एकोणिसाव्या मिनिटाच्या पुढचं. ते आजवर कुणीच ऐकलेलं नव्हतं.

प्रस्तुत वृत्तान्त खात्याने तपासून वाचनास मंजूर केला आहे. तो वरच्या घरातल्या धाकट्यांना, म्हणजे होऊ घातलेल्या आठव्यांना, वाचून दाखवण्यात आला तेव्हा ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत गंभीर होते आणि दोनदा त्यांनी डोळे टिपले, असं वरिष्ठ निरीक्षकांच्या नमुन्यात नमूद आहे. त्यामुळे त्याचं वर्गीकरण 'शोकान्तिका' असं झालेलं आहे. वाचताना आपण मध्ये कुठे हसला असाल, तर खोलीत दुसरं कुणी होतं का, हे एकदा आठवून बघावं. असल्यास, तेही हसलं होतं का, एवढं फक्त कळवावं.